सुंदराबाईंची कडक भाकरी

सुंदराबाई भाकरी कानानं पारखायच्या. वाळून कडक झालेली भाकरी कानाशी धरायच्या आणि नखानं टिचकी मारायच्या. "वाजली की झाली," म्हणायच्या. आवाज बसका आला, तर तीच भाकरी पुन्हा आचेला उभी करायच्या.

उमरग्यात आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्यांच्या मालकांचं अर्धं अंग लकव्यानं गेलेलं. ओसरीत त्यांची खाट, खाटेजवळच शेगडी. थापता थापता बाईंचं बोलणं चालू असे.

"मालक, पानी देऊ का? तोंडानं सांगा, मुंडी हालवू नका. माझं ध्यान तव्यावर हाय."

"भाकरीचं बरं ऐकू येतं तुला," मालक म्हणायचे.

हायवेवरचे ढाबेवाले घरी येऊन भाकऱ्यांच्या चवडी घेऊन जात. त्यावर दोघांचं भागे.

मी बांधकाम परवान्यांच्या नोकरीतून निवृत्त झालेलो. गल्लीत कुणी जिना काढला तरी आधी मला विचारी. त्या थापण्यानं माझी दुपारची झोप मोडायची. पण बोलायची लाज वाटे, कारण रोजची पहिली भाकरी आमच्याकडं यायची.

एकदा बाईंनीच विचारलं, "सायेब, राहत्या घरात धंदा चालतो का? लोक म्हंत्यात, नगरपालिका बंद करती."

"जागा निवासी आहे. चालत नाही," मी म्हणालो. "बाजारात गाळा बघा."

"मालकाला टाकून बाजारात कशी बसू?"

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

नियम मला पाठ होता. घरच्याच माणसानं, बाहेरचा कामगार न ठेवता, कुणाला उपद्रव न देता केलेलं असं काम राहत्या घरात चालत होतं. उपद्रव एकट्या माझ्या झोपेला होता.

दुसऱ्या दिवसापासून थापणं थांबलं. बाई ढाब्यावर भाकऱ्या करायला जाऊ लागल्या. मालकांच्या उशाशी तांब्या ठेवून बाहेरून कडी लावायच्या. दुपारी भिंतीपलीकडून हाक यायची, "सुंदरे, हायस का?" सुरुवातीला मी जाऊन पाणी पाजायचो. पुढं खिडकी लावून घेऊ लागलो. मालक गेले ते अशाच एका दुपारी, घरात एकटे. त्या दिवशी हाक आली होती का, ते मला सांगता येत नाही.

भेटायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमी आधीच सांगितलं ते बरं झालं, सायेब. न्हाय तर नोटीस आली असती. मालकाला लई लागलं असतं."

पुढं त्या परंड्याला लेकीकडं राहायला गेल्या. तिथंच गेल्या महिन्यात वारल्या. नगरपालिकेनं बाईचा धंदा बंद पाडला, असं गल्लीत अजून सांगतात. नगरपालिकेतून कधी कुणी आलंच नव्हतं. बाईंनी माझ्या एका शब्दावर शेगडी विझवली.

परंड्याला निघताना त्या मला भाकऱ्या द्यायला आल्या होत्या. वरची भाकरी माझ्या कानाशी धरून त्यांनी टिचकी मारली.

"वाजती ना, सायेब?"

"वाजते," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.