नानांच्या लेन्सनं नानांचा शेवटचा फोटो

मंडळी, पहूरहून आत्ताच घरी आलो. ज्यांच्या हाताखाली फोटोग्राफी शिकलो, ते नाना सकाळी गेले.

आमच्याकडे तिरडी उचलण्याआधी घरच्यांसोबत शेवटचा फोटो काढतात. गावातले असे फोटो आजवर नानांनीच काढले. त्यांच्या पत्नी, अक्का, म्हणाल्या, "त्यांच्याच लेन्सनं काढ."

ती जुनी लेन्स आटे फिरवून बसवायची. माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला आटे नाहीत, म्हणून गेल्याच महिन्यात नानांनी आणि मी मध्ये अडॅप्टर घातला होता. त्याच्या जाडीनं लेन्स जरा पुढे येते आणि पाच-सहा फुटांपलीकडचं काहीच स्पष्ट येत नाही.

मी दारातच थांबलो होतो. तिथून सगळं धुरकट.

"लांबून येत नाही," म्हणालो.

"मंग जवय ये ना, भाऊ," अक्का म्हणाल्या.

गेलो. नाकातल्या कापसाचा धागान् धागा दिसायला लागला. बटण दाबलं.

"बठ्ठे आले ना?" अक्कांनी विचारलं. "हो, सगळे आले," मी म्हणालो.

आता स्क्रीनवर बघतोय. नाना तेवढे स्पष्ट आलेत. मागे उभी मुलं, सुना, अक्का, एकाचाही चेहरा ओळखू येत नाही.

दहाव्याला अक्का फोटो मागतील. तुम्ही काय दिलं असतं?