फोनचा डबा आणि हिची नवमी

जुना फोन गेला तो माकडांनी. रामघाटच्या गल्लीत तार ओढली की माकडं तिला लोंबकळणार, हे सरकारी लोकांना अजून कळलेलं नाही. टेलिफोन ऑफिसात तीन खेपा घातल्या. शेवटी तिथला बाबू म्हणाला, "चाचा, अब ये तार नहीं जुड़ेगी." ही असती तर त्याच्याकडून जोडून घेऊन आली असती. मी भांडतो आणि हात हलवत परत येतो.

ही म्हणजे माझी बायको. दीड वर्षापूर्वी गेली. मणिकर्णिकेवर मीच अग्नी दिला. मूलबाळ नाही आम्हाला.

मग आमच्या गल्लीत टीव्हीची केबल देणारा आला. म्हणाला, आता आमच्या तारेतून फोनही येतो, इंटरनेटवरचा.

मी म्हटलं, "वारा सुटला की तुझा टीव्ही बंद. आता माझं बोलणं नेणार तू? आणि तुझी तार माकडं खात नाहीत?"

"खाती हैं, चाचा. पर हम उसी दिन जोड़ देते हैं."

हसत होता. हसून माल विकणाऱ्यावर माझा विश्वास नाही. आधार कार्डाचा फोटो काढला, तोही संशय आला. एवढ्याशा फोनला माझ्या बापाचं नाव कशाला लागतं? पण गुडघे गेलेत, मोबाइल मला वापरता येत नाही, आणि एका माणसाशी तरी बोलता यायला हवं होतं. घेतला.

त्याने जुनाच फोन एका पांढऱ्या डब्याला जोडला. डब्यावर हिरवे दिवे. मी बोलत नसलो तरी लुकलुकणारे. "ये क्यों जलता है?" विचारलं तर म्हणाला, "जिंदा है, इसलिए."

नंबर नवा मिळाला. तो मी एकाच घरी दिला, शिंदे घाटाजवळच्या वहिनींना. त्या हिची मैत्रीण, चाळीस वर्षांपासूनची. त्यांच्याशी पहिल्यांदा बोललो तेव्हा गुडघ्याचं रडगाणं गायलो. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. कुणी बाई गोड आवाजात विचारते, "घुटनों का तेल चाहिए?"

आता सांगा. नंबर वहिनींकडेच. गुडघ्याचं बोललो त्यांच्याशीच. वहिनी तेल विकत नाहीत. मग ऐकलं कोणी?

त्या दिवसापासून मी डब्याचा प्लग काढून ठेवू लागलो. मला बोलायचं असलं की लावायचा, झालं की काढायचा.

पितृपक्ष आला. नवऱ्याच्या आधी जी बाई जाते तिची अविधवा नवमी करतात. सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची. नवरा जिवंत आहे तोवरच ही नवमी, पुढे बंद. म्हणजे माझ्या हातून किती होतील कोण जाणे. मागच्या वर्षी वर्षश्राद्ध व्हायचं होतं, त्यामुळे ही पहिलीच. वहिनींना फोन लावला.

"भावोजी, दुसऱ्या कुणाला बोलावू नका हं. तिच्या पानावर मीच बसणार."

"तुम्हालाच बोलावतोय. बाराच्या आत या."

प्लग काढला.

मी जन्मभर आचारी. यात्रेकरूंची पन्नास पानं असली तर डोळे मिटून रांधीन. एका पानाचा स्वयंपाक मला येत नाही, तो हीच करायची. तरी पहाटे गंगेवर न्हाऊन आलो, सोवळ्याचा मुकटा नेसलो. खीर, वडे, आमटी, गवार, आमसुलाची चटणी. श्राद्धाचं चाखायचं नसतं, अंदाजाने मीठ घातलं. पान वाढलं. बारा वाजले. सवाष्ण नाही.

साडेबारा झाले. कधी नव्हे तो हिच्यावरच राग आला, की एवढी एक मैत्रीण केलीस, तीही अशी.

दारात केबलवाला उभा. धापा टाकत.

"आत येऊ नकोस! सोवळ्यात आहे मी."

"आप फोन काहे नहीं उठाते? शिंदे घाट वाली चाची सुबह से लगा रही हैं. सीढ़ी पर पैर मुड़ गया उनका. फिर दुकान पर फोन किया मेरे. हमने देखा, आपका डब्बा ही बंद है. तीन दिन से."

"देखा? दुकानात बसून माझा डबा दिसतो तुला?"

"बत्ती दिखती है, चाचा. बात नहीं सुनाई देती."

आज बत्ती दिसते म्हणतो. उद्या काय काय दिसेल? पण भांडायला वेळ नव्हता. वहिनींचा निरोप होता, ताट इकडे आणा, मी उपाशी बसलेय.

सोवळ्यातलं ताट घेऊन भरगल्लीतून? कुणाचा धक्का लागला की विटाळलं. ही असती तर म्हणाली असती, उचला. ती असंच एका शब्दात सांगायची. मी उचललं. वर केळीचं पान झाकलं.

"आगे चल. किसी को छूने मत देना. तू भी मत छूना."

तो पुढे, दोन्ही हात पसरून. "हटिए भैया! गाड़ी रोकिए! छूना नहीं!" एक मोटरसायकलवाला भिंतीला चिकटून उभा राहिला. पानवाल्याने विचारलं, "किसका भोग जा रहा है?"

"हमारी चाची का," केबलवाला म्हणाला.

तो शिडीवर चढायचा तेव्हा ही खालून शिडी धरायची आणि मग त्याला चहा द्यायची. मी मागून बघत चाललो.

वहिनी पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. पान पुढे ठेवलं. अक्षरही न बोलता जेवल्या. श्राद्धाच्या पानावर बसून चांगलं-वाईट म्हणायचं नसतं. खीर मागून घेतली. ओटी भरली, तेव्हा डोळ्याला पदर लावला. मी दुसरीकडे बघितलं.

घरी येऊन मी स्वतः प्लग लावला. दिवे आले. पाचच मिनिटांत फोन.

"लागतो का बघत होते," वहिनी म्हणाल्या. "आणि आता सांगते. आमटीत मीठ कमी होतं."

"पन्नास पानांचा हात आहे माझा. एकाचं मीठ तिलाच ठाऊक."

"पुढच्या वर्षी फोनवर विचारा मला. चिमटी-चिमटीने सांगेन. डबा मात्र चालू ठेवा."

ठेवलाय. पण उद्या कुणी मीठ विकायला फोन केला, तर त्या केबलवाल्याला मी सोडणार नाही.