दादासोची चूक

नकोशीच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची निळसर झाली आहेत आणि नखांच्या कडांना तांबडा रंग बसला आहे. राखेनं घासली, लिंबू चोळलं तरी तो जात नाही. कळसच्या आठवडे बाजारात भाजीवालीनं विचारलं तर ती सांगते, "रिळं रंगवती." पुढचं समजावत बसायला तिला वेळ नसतो.

भिगवणला उजनीच्या पाण्यावर पुण्याकडची हौशी माणसं गळ टाकायला येतात. त्यांच्या काठीला दोरा गुंडाळायचं जे चाक असतं, ते रीळ. बारामतीचा विजयसिंह नावाचा एक लेथवाला, स्वतःही मासेमारीचा वेडा, अशा रिळांचे ॲल्युमिनियमचे भाग कातून काढतो आणि पेटीत भरून नकोशीकडं पाठवतो. वस्तीवर घरामागं एक पत्र्याची खोपी आहे. सासरा जिवंत होता, घरात मेंढरं होती, तेव्हा तिथं कोकरं कोंडत. आता तिथं ॲसिडची टाकी आहे. नकोशी एकेक भाग तारेला टांगून ॲसिडात सोडते, त्यातून वीज खेळवते, तासाभरानं काढून धुते, रंगाच्या कोमट पाण्यात बुडवते आणि शेवटी उकळत्या पाण्यात ठेवते. रंग वरून चढत नाही. विजेनं धातूवर जी बारीक साय धरते तिच्यात तो मुरतो, आणि मग नखानं खरवडला तरी निघत नाही. याला ॲनोडायझिंग म्हणतात. हे तिला तिच्या नवऱ्यानं, दादासोनं शिकवलं.

दादासो बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हेच काम एकोणीस वर्षं करत होता. त्याच्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही, अशी त्याची ख्याती होती. कारखाना दुसरीकडं हलला तेव्हा तो घरी आला. विजयसिंहाशी त्याची ओळख होतीच. दोघांनी बोलून ठरवलं आणि दादासोनं खोपीत टाकी मांडली, शिशाचे पत्रे लावले, जुन्या वेल्डिंगवाल्याकडून वीज सरळ करणारं यंत्र आणलं. सांडपाणी ओढ्याला जाऊ नये म्हणून मागं चुन्याचा खड्डा घेतला. पहिल्या महिन्यापासून त्यानं बायकोला हाताशी धरलं. रंगाचं भांडं तिच्याकडं दिलं, कारण रंगाची नजर तिला होती. दोन निळ्यांतला फरक त्याला उजेडात नेऊन बघावा लागे, तो तिला खोपीतल्या अंधारातच कळे. तो तिला चेष्टेनं कारखानदारीण म्हणायचा. नावानं हाक मारणं त्याला जड जायचं.

ते नाव तिच्या आजीनं ठेवलेलं. तिसरीही मुलगीच झाली म्हणून नकोशी. शाळेच्या दाखल्यावर तेच, लग्नाच्या पत्रिकेवर तेच. माहेरी म्हैस आटली तरी कुणीतरी तिच्याकडं बघायचं. त्याची तिला सवय झाली होती. दादासोला मात्र ती कधीच झाली नाही.

एका दुपारी टाकीतलं ॲसिड बदलायचं होतं. ॲसिडात पाणी ओतायचं नसतं, ते उसळून अंगावर येतं. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिडची बारीक धार सोडायची. हे दादासोनं तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, नंतरही दहादा सांगितलं होतं. पण दोन वाजता वीज येणार होती, गठ्ठ्यानं माल पडला होता, आणि दादासो बाहेर टाकीभोवती ठेवायच्या बर्फाच्या बाटल्या आणायला गेला होता. नकोशीच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चाललं होतं. काय, ते तिला नंतर कितीही आठवून आठवलं नाही. तिनं कॅनमधलं ॲसिड रिकाम्या टाकीत ओतलं आणि पाण्याची बादली उचलली.

दादासो दारात आला तेव्हा बादली कलली होती. त्याच्या हातातल्या बाटल्या खाली पडल्या. त्यानं झेप घेतली, तिचा दंड धरून तिला मागं खेचलं, आणि तिच्या जागी तो आला. टाकी फुत्कारली. डोळे जपायला घालायचा त्याचा कामाचा चष्मा कपाळावरच होता.

ओरडला नाही तो. "पानी," एवढंच म्हणाला. तिनं पिंपातलं पाणी तांब्या तांब्यानं त्याच्या तोंडावर ओतलं, मग बादलीनं ओतलं, जीप येईपर्यंत ओतत राहिली. जीपमध्ये त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. पुढं चालवणारा शेजारी फोनवर भिगवणच्या डॉक्टरला सांगत होता. दादासोनं तिचा हात चाचपून धरला.

"ऐक. डॉक्टरला, आईला, समद्यास्नी एकच सांगायचं. पानी मी ओतलं."

ती नको नको म्हणाली.

"लोकं तुझ्या नावावर घसरतील. नावासारखंच केलं म्हनतील. डोळं गेलं तर गेलं, पर त्ये मला ऐकाया लावू नगंस."

पुण्याच्या दवाखान्यात तीन महिने गेले. एक डोळा गेलाच. दुसऱ्याला काही दिवस उजेड तेवढा कळायचा, पुढं तोही कळेना. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता.

गावात त्याची चूक लवकर पसरली. एवढा जुना कारागीर आणि पोरानं करावं तसं करून बसला, असं लोक हळहळून म्हणत. नकोशी चहाचे कप गोळा करत ते ऐकायची. सगळ्यांत जड गेला तो दिवस, जेव्हा कारखान्यातले त्याचे जुने साहेब, आबासाहेब, भेटायला आले. त्यांचा दादासोवर फार जीव. आल्या आल्या त्यांनी त्याचा हात धरला आणि मग त्यांना राग आवरेना. म्हणाले, नव्या पोरांना मी इतकी वर्षं तुझं नाव सांगत आलो, दादासो काम कसं करतो ते बघा म्हणून. आता काय सांगू? दादासोनं काय केलं ते करू नका, हेच सांगावं लागतं.

दादासो खाली मान घालून हसला. "सांगा की साहेब. एखाद्याचं डोळं वाचतील."

आबासाहेब गेल्यावर नकोशी त्याच्यापुढं बसली आणि म्हणाली, मी त्यांच्या मागं जाते, रस्त्यात गाठते, खरं काय ते सांगते. दादासोनं विचारलं, दोन नंबरच्या भांड्यातला रंग किती दिवसांचा झाला. त्या दोघांत हा विषय त्यानंतर निघाला नाही.

काम कायमचं थांबलं नाही. पहिले काही महिने ती खोपीत पाऊल टाकायला तयार नव्हती. दादासोनंच काठी टेकत तिथं खुर्ची नेली आणि दारात बसून राहिला. शेवटी ती आत गेली. टाकीतून बारीक बुडबुड्यांचा जो आवाज येतो त्यावरून तो वीज कमी की जास्त ते सांगे. भाग धुऊन त्याच्या हातात दिला की बोटाचं पेर फिरवून बघे. चांगली साय धरलेला धातू बोटाला किंचित धरून ठेवतो, वाईट धरलेला पिठासारखा लागतो. रंगाचं मात्र तिला सांगावं लागे. नुसतं निळा म्हटलेलं त्याला पुरत नसे. मग ती म्हणायची, मोराच्या मानेसारखा. वांग्याच्या सालीसारखा. आपल्या धाकट्या नणंदेच्या लग्नातल्या शालूसारखा. त्यावर तो मान डोलवायचा, आणि कधी कधी म्हणायचा, "मंग जरा जादा झालाय, त्यो शालू भडक व्हता." अशी सात वर्षं गेली. ती वाईट गेली असं नकोशीला म्हणता येत नाही, आणि म्हणूनच तिला जास्त लाज वाटते.

गेल्या वर्षी श्रावणात, सकाळी चहा घेताना, त्यानं छातीवर हात ठेवला आणि कप खाली ठेवायला जागा चाचपली. ती सापडली नाही. इंदापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दादासोची आई, छबूबाई, घरातच असे. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. धनी गेला, मेंढरं गेली, तेव्हा रडली नाही, लेक गेला तेव्हाही लोकांदेखत रडली नाही. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती नकोशीसमोर येऊन बसली. नकोशी तांदूळ निवडत होती. छबूबाईनं दोन्ही हात जोडले.

"माज्या लेकाला माफ कर," ती म्हणाली. "धांदरटपना करून बसला, आन् तुझी उमेदीची सात वरसं आंधळ्याची काठी धरन्यात घालवली. तू एका शब्दानं बोलली न्हाईस. मी आई हाय त्येची. त्येच्या वतीनं मीच मागती."

नकोशीच्या हातातलं सूप खाली आलं. लोकांचं बोलणं तिनं सात वर्षं सोसलं होतं, आबासाहेबांचं सोसलं होतं, पण हे जोडलेले हात तिला सोसवेनात. तिनं ते धरून खाली केले आणि सांगून टाकलं. बादली माझ्या हातात होती. त्यांनी मला मागं ओढलं. गाडीत शपथ घातल्यासारखं बोलले म्हणून मी गप्प राहिले.

छबूबाई उठून मारेल, शिव्या देईल, बोचकं बांधून माहेरी पाठवेल, या सगळ्याला नकोशी तयार होती. किंबहुना त्याचीच वाट बघत होती.

"मंग सांगितलंस कशापायी?" छबूबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "सात वरसं समद्यांची बोलनी खाल्ली त्येनं. सख्ख्या आईची बी खाल्ली. मी कमी बोलली न्हाय त्येला. एवढं करून त्येनं एक गोष्ट झाकून ठिवली व्हती. त्यो जाऊन पंधरा दिस न्हाय झालं, आन् तू ती उघडी केलीस. तुझ्या जिवाला हलकं वाटावं म्हनून."

नकोशीनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

त्या दिवसापासून छबूबाई नकोशीच्या हातचं जेवत होती, पण बोलत नव्हती. पाणी हवं असलं तर स्वतः उठून घ्यायची. दुपारी उठून खोपीच्या दारातल्या त्या खुर्चीजवळ जायची, बसायची मात्र नाही, नुसती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. आत नकोशी काम करत असायची. विजयसिंह येऊन गेला होता. वहिनी, जमणार नसेल तर काम दुसरीकडं देतो, वाईट वाटून घेऊ नका, म्हणाला होता. तिनं पेटी ठेवून घेतली. पहिली खेप बिघडली. बुडबुड्यांचा आवाज तिला कधी ऐकावा लागला नव्हता, ऐकणारा बसलेला होता. साय पिठासारखी धरली, रंग डागाडागांनी बसला. तिनं ते सगळे भाग कॉस्टिक सोड्यात टाकून पुन्हा पांढरे केले आणि पुन्हा लावले. तिसऱ्यांदा जमलं. जमलं हे सांगायला ती वळली आणि खुर्चीजवळ छबूबाई उभी होती. छबूबाई वळून घरात गेली.

असं वर्ष सरलं. वर्षश्राद्धाला भावकी जमली. जेवणं झाल्यावर माणसं ओसरीवर सुपारी कातरत बसली आणि बोलणं दादासोवर आलं. राम, त्याचा चुलत भाऊ, मनानं चांगला, हळहळून म्हणाला, की बाकी माणूस सोन्यासारखा, पण त्या दिवशी त्याची अक्कल कुठं गेली होती कोण जाणे. ॲसिडात पाणी ओतू नये हे शाळेतल्या पोराला कळतं.

नकोशी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तोंड उघडलं. आता सांगायचं, चारचौघांत सांगायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. छबूबाईनं भिंतीला टेकल्या जागेवरून तिच्याकडं एकदा बघितलं.

"व्हय रं रामा," म्हातारी म्हणाली. "धांदरटच व्हता माझा ल्योक. ल्हानपनापासनं तसाच."

माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी दुसरा विषय काढला. नकोशीनं तांब्यातलं पाणी सगळ्यांना दिलं.

पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं गेले. छबूबाईनं अंगणातली खरकटी भांडी गोळा करून मोरीत आणली आणि नकोशीच्या शेजारी घासायला बसली. वर्षभरात पहिल्यांदा ती आपणहून बोलली. उद्या वीज किती वाजता आहे, एवढंच तिनं विचारलं. नकोशी म्हणाली, दहाला. मग दोघी भांडी घासत राहिल्या. घासता घासता छबूबाई रडायला लागली, आवाज न करता, आणि नकोशीनं राखेचे हात तसेच ठेवून तिला रडू दिलं.