सरकारांची पंचक्रोशी

आमच्या वन्संचा कुणावर म्हणून विश्वास नाही. गॅसवाल्याला त्या सिलिंडर काट्यावर ठेवायला लावतात, भाजीवाल्याच्या मापाखाली बोट फिरवून बघतात, आणि मी केलेली आमटीही आधी हुंगतात. एकतीस वर्षं झाली मला या घरात येऊन. वन्संचा मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारण्यात जन्म गेला, त्यामुळे त्यांना प्रत्येकाच्या बाहीत चिठ्ठी दिसते, असं ह्यांचं म्हणणं. हे म्हणजे विनायक, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्या बाहीतही दिसतेच.

लग्न त्यांनी केलं नाही. जीव लावला तो एकालाच, सरकारांना. सरकार म्हणजे आमच्या घरातला राघू. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या कडुलिंबावरून पिल्लू पडलं, ते आपण कापसाने दूध पाजून वाढवलं, असं वन्सं सगळ्यांना सांगतात. आता राघू पाळणं म्हणजे गुन्हा, वनविभागाची माणसं येऊन घेऊन जातात. म्हणून उज्जैनच्या नानाखेड्यातल्या आमच्या घरी बेल वाजली की आधी पिंजरा न्हाणीघरात जातो, मग दार उघडतं. सरकार गेले तर वन्सं आठ दिवस काढणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

यंदा वैशाखात त्यांनी उज्जैनभोवतीची पंचक्रोशी यात्रा करायची म्हणून काढलं. पाच दिवसांची पायपीट, वर आग ओकणारं ऊन, आणि वय बासष्ट. बरं, सरकारांचं काय? विनायकने एकदा खिडकी उघडी ठेवली होती, तेव्हापासून त्याच्या हाती पिंजरा नाही. म्हणजे सरकारही येणार. आणि सरकार येणार म्हणजे ओझं उचलायला शोभा, म्हणजे मी, आलीच. माझ्या मुलीने, ऋताने, छत्रीसारखा फटकन उघडणारा एक तंबू मागवून दिला होता. पहिल्या पडावाला, पिंगळेश्वरला, त्यात मधोमध पिंजरा, एका अंगाला वन्सं, आणि मी निम्मी बाहेर. कपाळ माझं!

वाटेत पिंजऱ्यावर ओली साडी टाकलेली असायची. तरी सरकार आतून ओरडायचे, आणि डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया थांबून हरी मिरची द्यायच्या. वन्सं मिरची आधी स्वतः चावून बघायच्या. हसू नका, मी डोळ्यांनी पाहिलंय.

तो माणूस पहिल्याच दिवशी दिसला. साठी उलटलेला, पांढरी टोपी, खांद्यावर नायलॉनची पिशवी, एकटाच. आमच्यापासून चार हातांवर त्याने चटई टाकली आणि पिंजऱ्याकडे बघत बसला. मग हिंदीत विचारलं, बहनजी, किती वर्षांचा आहे? वन्संनी सांगितलं, आमचा नाही, पुण्याच्या पाहुण्यांचा आहे. त्याने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, डाव्या पायाचं एक बोट आखूड दिसतंय. वन्संनी पदर ओढून पिंजरा झाकला.

"वनखात्याचा आहे मेला," त्या मला म्हणाल्या. "नाहीतर बोटं कोण मोजतं?"

हे त्या चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, कारण मराठीत म्हणाल्या. ही आम्हा उज्जैनच्या मराठी माणसांची जुनी खोड. टावर चौकातल्या दुकानात साडीवाल्याच्या तोंडावर आम्ही मराठीत ठरवतो की माल भंगार आहे, अजून शंभर कमी कर म्हणावं. मराठी म्हणजे जणू आमचं कडीकुलुपाचं कपाट. गावात घरटी कुणी ना कुणी मराठी समजणारं आहे, हे माहीत असूनही तोंड आवरत नाही.

दुसऱ्या पडावाला, करोहनला, आम्ही मुद्दाम लांब, पाण्याच्या टँकरपलीकडे तंबू लावला. अर्ध्या तासात चटई तिथेही आली. आता मीही वन्संची री ओढायला लागले. वन्संनी पिंजऱ्याच्या दाराला सुतळीच्या तीन गाठी मारल्या आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं. तो उठला की आम्ही उठायचो, तो बसला की बसायचो. त्याचे बूट सरकारी दिसतात, पिशवीत जाळी असणार, फोनवर तो साहेबाशीच बोलतोय, असं सगळं आम्ही त्याच्या देखत मोठ्याने बोलून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नलव्याला पोचलो आणि सरकारांनी मान टाकली. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, पेरूची फोडसुद्धा घेईनात. तो माणूस भिजवलेलं पोतं घेऊन आला, म्हणाला, हे पिंजऱ्याभोवती गुंडाळा, वारा लागू द्या. वन्संनी पोतं हुंगलं आणि परत केलं. तो आपल्या जागी गेला आणि बाट्यांची कणीक मळायला बसला. मग मीच माझी चादर भिजवून गुंडाळली. तासाभराने सरकारांनी डोळे उघडले, पाण्यात चोच घातली.

वन्सं तेव्हा रडल्या. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

"शोभा, हा झाडावरून पडला नव्हता गं," त्या म्हणाल्या. "हा उडत आला, आपल्या खिडकीत बसला. चांगला मोठा होता. पायात लाल दोरा होता. तिसऱ्या दिवशी टावर चौकात खांबावर कागद पाहिला. तोता हरवलाय, डाव्या पायाचं बोट आखूड, घरात आजारी माणूस आहे, कृपा करून आणून द्या. मी तो कागद फाडला. नानाखेड्याच्या बस स्टँडवर एक होता, तोही फाडला. तेव्हापासून दारात येणारा प्रत्येक माणूस मला तोच वाटतो."

मला राग आला होता, आणि त्यांचा चेहरा बघवतही नव्हता. पलीकडे त्या माणसाचे हात परातीत थांबले होते.

ऊन कलल्यावर तो आला. पळसाच्या पानावर चार बाट्या होत्या, त्या त्याने आमच्यापुढे ठेवल्या आणि समोर मातीत बसला.

"कागद मी लावले होते, बाई," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "बावीस लावले होते. मी माणिक. सुमन माझी बायको. ती अंथरुणाला खिळलेली होती. कडी वाजली की विचारायची, आला का? चार महिने विचारत होती. मग गेली."

तीन दिवस दोन मराठी घरची माणसं एकमेकांशी हिंदी बोलत होती. मला धरणी दुभंगावी असं झालं. माणिकराव पुढे म्हणाले की पहिल्या दिवशीच बोलणार होते, पण आम्ही त्यांना जे काही म्हणत होतो ते ऐकून जीभ उचलली नाही. आणि तोच पक्षी आहे याची खात्रीही नव्हती. ती आता झाली. मागायला आलो नाही, एकदा हात लावू द्या, एवढंच ते म्हणाले.

वन्संनी मनगटाची सुतळी सोडायला घेतली. गाठी घट्ट बसल्या होत्या, शेवटी दातांनी तोडली. मग पिंजरा उचलून माणिकरावांच्या मांडीवर ठेवला.

"न्या," वन्सं म्हणाल्या.

माणिकराव म्हणाले, राहू द्या, तुम्ही त्याला नीट सांभाळलंय, यात्रा संपू दे, नंतर बघू.

"नंतर नाही," वन्सं म्हणाल्या. "मी मला चांगली ओळखते. सकाळपर्यंत माझं मन फिरेल. मी काहीतरी खोटं बोलेन आणि देणार नाही. आत्ता न्या."

माणिकराव उठले. मग पिशवी खांद्याला लावली, पिंजरा घेतला आणि सडकेला लागले. ते पन्नास पावलं गेले असतील नसतील, सरकार ओरडायला लागले, विनू, विनू. सासूबाईंच्या आवाजात. विनू म्हणजे विनायक नव्हे, वन्सं; सासूबाई गेल्यानंतर त्यांना त्या नावाने हाक मारणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

माणिकराव थांबले, वळून बघू लागले. मी उठले. वन्संनी माझा हात घट्ट धरला आणि खाली ओढून बसवलं.

"बोलावू नकोस त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि मलाही उठू देऊ नकोस."

मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून बसले. त्यांनी खरोखरच उठायचा प्रयत्न केला, दोनदा.