अर्धे शब्द मावसाजींकडे

संशय कसा घ्यावा हे ज्याला शिकायचं असेल त्यानं बाभुळगावला जाऊन माझ्या मावसाजींना भेटावं. अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात या विद्येत त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, आणि हे मी अभिमानानं सांगतो. त्यांची उभी नोकरी कोषागारात गेली. तिथल्या तिजोरीला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, ही रीत त्यांनी निवृत्त होताना घरी आणली. धान्याच्या कोठीची एक किल्ली मावशीकडे, एक यांच्याकडे. मावसाजी पेन्शनच्या कामाला यवतमाळला आले की मावशीला शेजारणीकडून तांदूळ मागून आणावे लागत. लग्नाला गेले की पंगतीत चपला मांडीखाली घेऊन बसत. "माह्या बापाचा माह्यावर भरवसा नव्हता," ते सांगत, "अन् माहा त्यायच्यावर. म्हणून तं आमचं घर टिकलं."

अशा माणसाची मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. पुढेमागे स्वतःचं काहीतरी सुरू करायचं म्हणून पगारातून थोडं थोडं क्रिप्टोत ठेवायची. त्याची किल्ली पेनड्राइव्हएवढ्या एका यंत्रात असते. त्याला वॉलेट म्हणतात. ते कॉम्प्युटरला जोडायचं, त्यावर पिन घालायचा, तेव्हाच व्यवहार होतो. यंत्र बिघडलं तर ते सुरू करताना मिळालेले साधे इंग्रजी शब्द ओळीनं सांगितले की दुसऱ्या यंत्रात सगळं परत येतं. शब्दही गेले तर मात्र कोणत्याच साहेबाकडे अर्ज करून उपयोग नसतो. पुण्यातल्या तिच्या खोलीत येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता, म्हणून तिनं यंत्र बाबांकडे ठेवायचं ठरवलं. एवढा संशयी माणूस तिच्या ओळखीत दुसरा नव्हता.

पहिलं पार्सल मावसाजींनी परत पाठवलं, कारण डब्याच्या सीलची कड उचललेली दिसली. पार्सलवाला म्हणाला, "काका, उन्हानं निघालं असन." "मंग उन्हालेच नेऊन दे," मावसाजी म्हणाले. दुसरं आलं तेव्हा शेजारचे दोघं पंच म्हणून बसवले आणि त्यांच्यादेखत ते फोडलं. डब्यातून आलेल्या वायरीशिवाय दुसरी वायर लावायची नाही, म्हणून ती वायर शेवयांच्या डब्यात. या कामाला वेगळा लॅपटॉप, त्याच्या कॅमेऱ्यावर मावशीची टिकली. मी एकदा त्यावर क्रिकेटचा स्कोअर पाहू का विचारलं, तर त्यांनी तो टॉवेलानं झाकून ठेवला. मुलीचा फोन आला की जोडणीचा सोहळा व्हायचा आणि त्यासाठी मला यवतमाळहून बोलावणं यायचं, कारण दुसरा माणूस हजर हवा. मावशी दारात राखणीला. पैसे जिथे पाठवायचे तो अक्षरांचा लांबलचक पत्ता मावसाजी यंत्राच्या पडद्यावरून वाचणार आणि मी लॅपटॉपवर ताळा पाहणार. "लहाना बी, बाभुळगावचा. मोठा आर, राजूरचा." मधली अक्षरं गाळू या म्हटलं की म्हणत, "चोर मधातूनच येते."

शब्दांनाही त्यांनी दोन किल्ल्यांची रीत लावली. पहिले अर्धे मुलीनं उतरवून घेतले, उरलेले यांनी, एकमेकांचे न पाहता. मुलीनं आपला कागद लॉकरमध्ये ठेवला. मावसाजींनी आपले शब्द पाठ केले आणि कागद चुलीत घातला. "कागद चोरीले जाते. डोकं कोन नेते?" हे वाक्य ते येईल त्याला ऐटीत ऐकवत.

डोकं कोणी नेलं नाही, ते आपणच हळूहळू निघायला लागलं. मी समोर बसलेलो असताना "कवा आला?" असं पुन्हा पुन्हा विचारू लागले. मग या उन्हाळ्यात जोडणी करताना त्यांचा पिन चुकला. परत घातला, परत चुकला. तिसऱ्यांदा चुकला की यंत्र स्वतःला कोरं करून टाकतं, आणि मग सगळी भिस्त शब्दांवर. शब्द तरी यांना आठवत असतील का, कोण जाणे. बोट बटणावर होतं. मावसाजींनी ते उचललं आणि वायर काढून घेतली.

"जरा दम घ्या मावसाजी, आठवन," मी म्हणालो.

"आठवन असं वाटते ना, त्याचंच भेव हाये," ते म्हणाले. "साऱ्या जगावर संशय घेतला, एक याच्यावरच घ्याचा राह्यला होता." आणि त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "पोरीले बलाव. मले चार्ज द्याचा हाये."

उभ्या आयुष्यात एवढा धीराचा माणूस मी पाहिला नाही. आपण विसरतोय हे वेळेवर ओळखून हात मागे घ्यायला छाती लागते.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. मावसाजी तिला म्हणाले, "चाल माह्यासंगं," आणि मला, "तू मांगं राय." दोघं एसटी स्टँडच्या रस्त्याला लागले, मी अंतर ठेवून मागे, तेव्हा कुठे मला कळलं. पाठ करताना या माणसानं एकेक शब्द एकेका घराच्या खुणेवर ठेवला होता. फाटकापाशी थांबायचे, घराकडे पाहायचे, मुलीच्या कानात काही सांगायचे आणि पुढे निघायचे. पिठाच्या गिरणीपुढे एका नव्या दुकानाच्या शटरसमोर मात्र ते उभेच राहिले. मुलीनं हात धरला. "बाबा, राहू द्या. नंतर पाहू."

मावसाजींनी मागे वळून मला विचारलं, "इथं कोन राहे रे?"

"लोहारकाका," मी लांबूनच ओरडलो. "दारात भाता होता त्यायचा."

मावसाजी बराच वेळ शटरकडे पाहत राहिले. मग मुलीच्या कानाशी वाकले. ती भर रस्त्यात त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

यंत्र कोरं करून दोघांचे शब्द ओळीनं घातले, ते जुळले, यंत्र पुन्हा सुरू झालं. नंतर मुलीनं सगळं नव्या यंत्रात, नव्या शब्दांखाली हलवलं आणि पुण्याला नेलं. मावसाजींच्या शब्दांनी आता कुठलंच कुलूप उघडत नाही. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. आताशा ते माझं नाव चुकतात, पण संध्याकाळी त्या रस्त्यानं फिरायला निघालो की एकेका घरापाशी थांबतात आणि त्यांचे ओठ हलतात. मी मागेच राहतो, ऐकू येणार नाही इतका मागे.