खिशातले ठोके

या पानावर ज्यांनी आपले अनुभव लिहिले, त्यातल्या निम्म्या लोकांना मी कॉमेंटमध्ये छळलेलं आहे. विहिरीवर पांढऱ्या साडीतली बाई दिसली म्हणणाऱ्याला 'साडी सुती होती की सिंथेटिक?' असं विचारणारा तो मीच. त्यामुळे आज तुम्ही माझ्यावर तुटून पडलात तर तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी सोलापूरचा. विजापूर रोडला घर, तिथून चालत दहा मिनिटांवर कंबर तलाव. वय बेचाळीस, वजन विचारू नका. गेल्या वर्षी अण्णांना — माझ्या वडिलांना — हार्टचा झटका आला. सौम्य होता, एक स्टेंट बसला. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या: रोज चालायचं, आणि वजन अजिबात उचलायचं नाही.

अण्णा रिटायर्ड पोस्टमन. चालायचं नाव काढलं की भडकायचे. "छत्तीस वर्सं चाललोय मी. सरकारनं माझी पावलं कवाच वसूल करून घेतल्यात. आता पाय माझे हायत."

पुण्याची ताई हे ऐकणारी नव्हती. तिने अण्णांच्या मनगटावर बँड बांधला. रोज आठ हजार पावलांचं टार्गेट ठेवलं, ठोके वाढले की तो थरथरेल अशी सेटिंग केली, आणि सगळा हिशेब स्वतःच्या मोबाईलवर जोडून घेतला. सकाळी आठला फोन यायचा. पावलं कमी असली की अण्णांना, आईला आणि मला, वयाच्या उतरत्या क्रमाने शिव्या.

आठवड्याभरात अण्णांनी तोडगा काढला. मी तलावावर पळायला जायचोच. शुगर काठावर होती म्हणून. आणि पळून झालं की गेटबाहेरच्या गाड्यावर गरम भजी खायचो, म्हणून शुगर काठावरून हलत नव्हती. हे अण्णांना माहीत होतं, बायकोला नव्हतं.

"तू माजा पट्टा घिऊन पळ," ते म्हणाले. "मी तुज्या भज्याचं कुटं बोलत न्हाय."

सौदा झाला. पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. बँड माझ्या मनगटावर बांधून पळालो. आठ वाजता ताईचा फोन, आवाज फाटलेला. "अण्णा पळतायत का काय? ठोके एकशे अठ्ठावन्न!"

"अगं, कुत्रं मागं लागलं होतं," मी म्हणालो.

"सत्तरीच्या माणसामागं? आणि तू काय करत होतास?"

"मी... कुत्र्यामागं होतो."

त्या दिवसापासून बँड रुमालात गुंडाळून ट्रॅकपँटच्या खिशात. अंगाला लागला नाही की ठोके मोजत नाही, पावलं मात्र मोजतो. ताईला सांगितलं, चालताना अण्णा पट्टा सैल करतात, खाजतो त्यांना. घरी आलो की बँड परत अण्णांच्या हातावर. सात महिने एकही दिवस चुकला नाही. डॉक्टरांनी तो चार्ट बघून अण्णांची पाठ थोपटली. "पन्नाशीतले पेशंट एवढं चालत नाहीत हो," म्हणाले, आणि पुढच्या महिन्यातली तपासणी पावसाळ्यापर्यंत लांबवली. अण्णा माझ्याकडे बघून गालात हसले. मीही हसलो.

आता ती सकाळ. फेब्रुवारीचा शेवट. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि त्या दिवशी पहाटे येणार असा निरोप होता. पाणी वर चढवायची मोटर आठ दिवसांपासून बंद. 'उद्या बघतो' हे मी आठही दिवस म्हणालेलो. बायको माहेरी, सांगोल्याला. म्हणजे पाणी भरायला मी थांबायला हवं होतं. थांबत होतोही, पण अण्णाच म्हणाले, "जा की तू. माजी पावलं र्‍हातील. पाण्याचं मी आन् तुजी आई बघतो."

मी गेलो. मोबाईल चार्जिंगला घरीच. खिशात बँड, आणि गाडीच्या किल्ल्या. त्याच जुडग्यात घराची किल्ली, म्हणून.

सकाळ अशी की वर्षातून दोन-तीनदाच मिळते. तलावावर पातळ धुकं, कमळं अजून मिटलेली, काठावरच्या बाभळीवर बगळे शेजारी शेजारी, सगळे मान आत घेऊन झोपलेले. एक टिटवी माझ्यावर ओरडत डोक्यावरून गेली. हवेत गारवा होता. छान वाटत होतं, हे मी लपवत नाही. मोडक्या दगडी बाकापाशी आलो आणि मांडीला थरथर लागली.

बँड. रुमालातून काढला तर पडद्यावर ठोके. एकशे अडतीस.

मी थांबलो. आधी वाटलं माझेच. पण हातात मी पट्ट्याचं टोक धरलेलं, मागचा हिरवा दिवा हवेत लुकलुकत होता. एकशे अडतीसचे एकशे एकाहत्तर झाले. मग बावन्न. मग अडतीस. मग नुसत्या दोन आडव्या रेघा. वर वेळ सहा वाजून चार मिनिटं, खाली पावलं सहा हजार चारशे.

मी काय केलं सांगतो. बँड तळहातावर दोनदा आपटला, 'चायनीज माल' म्हणालो, रुमालात गुंडाळला आणि पुढे पळालो. कारण सोळाशे पावलं राहिली होती.

आठ हजार झाली तेव्हा मी भजीच्या गाड्यावर पोचलो होतो. खिशात पुन्हा थरथर. काढून बघितलं तर पडद्यावर रंगीत फटाके फुटत होते. टार्गेट पूर्ण! मी भजीवाल्याला तो दाखवलासुद्धा. पहिला घास तोंडात आणि समोर शेजारच्या बिराजदार मामांची स्कूटर.

"चल. अण्णा पडलेत."

"मी इथंय कसं कळलं तुम्हाला?"

"त्यांनीच सांगितलं. भज्याच्या गाड्यावर आसंल म्हणले. गाडीची किल्ली तुज्याकडं हाय न्हवं?"

किल्ली खिशात होती. बँडला लागून. ॲम्ब्युलन्सला फोन झाला होता, ती अजून वाटेत. अण्णा पायरीवर भिंतीला टेकून बसलेले, बनियन घामाने भिजलेलं, नळ तसाच वाहत होता. आई त्यांची छाती चोळत म्हणाली, "नको म्हणत हुते मी. दोनच कळश्या राह्यल्यात म्हणले." मला बघून अण्णांनी ओठ हलवले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आईला ऐकू आलं. तिने ते मला दोन महिन्यांनी सांगितलं. "झाली का आठ हजार?"

त्यांना गाडीत घालून निघालो, पण दवाखान्याच्या अलीकडच्या सिग्नलला ते गेले.

"वीस मिनिटं आधी आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले आणि थांबले. सहा वाजून चार मिनिटांनी मी बाकापाशी होतो. तिथून घर, पळत, सहा मिनिटं.

बिराजदार मामांच्या गेटवर कॅमेरा आहे. त्यात आमचा नळ दिसतो. तेराव्यानंतर एका दुपारी मी मामांना सांगून तो भाग बघितला. अण्णा कळशी उचलतात, दोन पायऱ्या चढतात, उतरतात, कळशी खाली ठेवतात. मग डावा हात वर करून मनगटाकडे बघतात. मनगट रिकामं. तरी उजव्या बोटाने तिथे दोनदा टिचकी मारतात, बँड जागा करायला मारायचे तशी. मग खाली बसतात. कोपऱ्यात वेळ दिसते. सहा वाजून चार.

मामा म्हणाले, "सवय असती रे हाताला." असेलही.

घरी येऊन ॲप उघडलं. त्या सकाळच्या पावलांचा आलेख भरलेला. ठोक्यांची जागा पाच वीसपासून कोरी, रोजच्यासारखी. म्हणजे मी सांगतोय त्याला पुरावा काहीच नाही. एका इंजिनियर मित्राला विचारलं. तो म्हणाला, असे बँड केळ्यावर बांधले तरी ठोके दाखवतात. मी त्या रात्री केळ्यावर बांधून बघितला. दाखवतो. ब्याण्णव दाखवले. केळ्याचे ठोके अडतीसवर मात्र आले नाहीत, आणि मी तास-दीड तास समोर बसून होतो. तेव्हा केळं साधं होतं की सेंद्रिय वगैरे विचारणाऱ्यांनी जरूर विचारावं. मीच विचारलं असतं.

मोटर उघडली तेव्हा आत एक वायसर झिजलेला निघाला. बदलायला मला पंधरा मिनिटं लागली.

ते ठोके खिशात कसे आले, ते मला अजून कळलेलं नाही. कळेल असं वाटतही नाही. आणि आले तर माझ्याकडे का आले? सगळ्या सोलापुरात त्या वेळी जागा असलेला कुठलाही माणूस माझ्यापेक्षा शहाणा निघाला असता.

ताईने त्या दिवसाच्या पावलांचा फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'शेवटच्या सकाळीसुद्धा आठ हजार. असे होते आमचे अण्णा.' खाली सत्तावीस जणांनी हात जोडले. अठ्ठाविसावे माझे.

बँड आता तिच्याकडे आहे. आठवण म्हणून मागितला, मी दिला. ती तो घालून रोज पहाटे पुण्यात चालते, आणि बरोबर आठला मला फोन करून आकडा सांगते. मी 'वा' म्हणतो.

ती हे पान वाचत नाही. निदान मी तसं धरून चाललोय.