लाल पडद्यासोबत गेलेलं

परवा आईच्या फॉर्मवर ‘फोटोचं बॅकग्राउंड पांढरंच हवं’ हे वाचलं आणि आम्ही उत्तरेत राहायचो तेव्हाचा हज़रतगंजमधला तो स्टुडिओ आठवला. तेव्हा बाबा सीमेवर होते, आठ दिवस फोन नव्हता. लष्करी कँटीनच्या कार्डासाठी आईचा फोटो हवा होता. घरी होता तो लाल पडद्यापुढचा. “एक क्लिक का काम है, आंटी,” म्हणत स्टुडिओवाल्या भैयांनी कॉम्प्युटरवर पडद्याचा लाल रंग निवडून पुसला. पडदा गेला, आणि आईच्या कपाळावरचं कुंकूही गेलं. तिथे पांढरं भोक उरलं. आईचा हात झटकन स्वतःच्या कपाळाकडे गेला. “भैया, पहले वो वापस लाओ!” त्यांनी एक बटण दाबलं, कुंकू आलं, पडदाही आला. “अब सिर्फ़ परदा हटाता हूँ,” ते म्हणाले, पण आई उठली होती. “रहने दो. इनका फ़ोन आ जाए, फिर देखेंगे.” ई-रिक्षात ती सारखी मोबाइल बघत होती. फोन तिसऱ्या दिवशी आला, आईने “जेवलात का?” एवढंच विचारलं. आता फोनमधलं अ‍ॅप क्षणात बॅकग्राउंड काढतं, निवृत्त बाबा समोरच पेपर वाचत असतात, तरी परवा फोटो सेव्ह करण्याआधी मी आईचं कपाळ मोठं करून पाहिलंच.